बर्फाच्या गांवीं नव्वद दिवस

‘परदेश’ हा शब्द आम्हीं संस्कृताच्या तासाला अनेक वेळां फोडून दाखविला आहे. पर म्हणजे दुसऱ्याचा, देश म्हणजे स्थान. विग्रह करावयास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं. पण त्याचा अर्थ कळावयास आम्हांस वयाचीं एकसष्ट वर्षें उलटावीं लागलीं. व तो कोशांत न सांपडतां दुकानाच्या दारांत, धुणें धुण्याच्या खोलींत आणि बसच्या थांब्यावर सांपडला. ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाचा समुद्रापलीकडे नाहीं, असें सुशिक्षित घर आजकाल विरळाच. त्यांच्याकडे वडील माणसांनीं जाऊन राहण्याचा प्रसंगही आतां नित्याचा झाला आहे. जाऊन आलेले लोक सरोवरांचीं व गिरिशिखरांचीं चित्रें दाखवितात. परंतु तेथें रोजचा दिवस कसा काढावा हें सहसा कोणी सांगत नाहीं. आमच्या अनुभवाचा उपयोग अशा कुटुंबांस व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचे चिरंजीव इ. स. २०१४ पासून स्वित्झर्लंड देशांत दाव्होस या गांवीं नोकरीनिमित्त राहतात. तिकडील नियमाप्रमाणें आमच्यासारख्या पाहुण्यांस कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. त्यामुळें सौ. व आम्ही अशा तीन खेपा करून आलों: पहिली इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत, दुसरी २०२४ च्या मे महिन्यांत आणि तिसरी त्याच वर्षाच्या अखेरीस. कालिदासाच्या यक्षाला डोंगरावर एक वर्ष काढावें लागलें, आमची मुदत त्याच्या चौथाईएवढी. शिवाय त्याच्यासारखा विरह आमच्या वांट्यास नव्हता, कारण मंडळी बरोबर होती व मेघाकडून निरोप धाडण्याचें काम मोबाईल करीत असे. तरीहि पहिल्या खेपेस ते नव्वद दिवस आम्हांस पुष्कळ लांब वाटले, हें सांगितलें पाहिजे.

मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांस दाव्होसचें नांव जानेवारींत हटकून भेटतें. इ. स. १९७१ पासून बहुधा दरसाल तेथें जगांतील उद्योगपति व राज्यकर्ते यांची मोठी सभा भरत आली आहे, आणि अलीकडच्या वर्षांत आपल्या राज्याचे मुख्यमंत्रीहि तेथें जाऊन कोट्यवधि रुपयांच्या करारांवर सह्या करून आले आहेत. पण ती सभा चार-पांच दिवसांची. उरलेलें वर्षभर तें सुमारें अकरा हजार वस्तीचें, लांडवासर नावाच्या नदीकांठीं लांबट खोऱ्यांत पसरलेलें एक डोंगरी गांव असतें. त्याची उंची १,५६० मीटर. आमचें घर वाईस. महाबळेश्वर आमच्या डोक्यावर. दाव्होस त्या महाबळेश्वराहूनहि सुमारें दोनशें मीटर उंच, आणि कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या शिखराखालीं अवघें ८६ मीटर. आपल्या सह्याद्रीचा माथा जेथें संपत येतो, तेथें या लोकांचा बाजार भरतो. आणि त्याच्याहि वर चहूंकडे हजार हजार मीटर उंच डोंगर उभे असतात.

अशा ठिकाणीं पहिली तक्रार शरीर करतें. आरंभीचे आठ दिवस जिना चढतांना धाप लागे. हवा इतकी कोरडी, कीं ओंठ व टांचा फुटत आणि रात्रीं नाक चोंदून जाग येई. त्यावर खोबरेल तेल व घोटाघोटानें पाणी हे दोन उपाय पुरे झाले. दुसरी तक्रार स्वयंपाकघरांतून आली. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळतें, तेथें तें सुमारें ९५ अंशांवरच उकळतें. त्यामुळें पातेल्यांत उकळी दिसते, पण तुरीची डाळ शिजत नाहीं. कित्येक वक्त्यांप्रमाणें त्या उकळीचा खळखळाट मोठा आणि धग थोडी. सौ.नीं दोन दिवस हा प्रकार पाहिला व तिसऱ्या दिवसापासून डाळ आदल्या रात्रीं भिजवून, कुकरच्या शिट्या वाढवून तो प्रश्न निकालांत काढला. दहीं मात्र पुष्कळ दिवस रुसून बसलें होतें. शेवटीं विरजण लावलेलें भांडें लोकरीच्या शालींत गुंडाळून खोली तापविणाऱ्या नळ्यांपाशीं ठेवल्यावर तें लागूं लागलें.

तिसरी गोष्ट चालण्याची. उणे पंधरा अंशांच्या थंडींत रस्त्यावरचा बर्फ कांचेसारखा होतो. नगरपालिका पायवाटांवर बारीक खडी पसरते, तरी साठी उलटलेल्या माणसानें तेवढ्यावर विसंबूं नये. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरांतील एक बाई एकट्याच राहतात. त्यांनीं आम्हांस अंगणांत उभें करून बर्फावरचें चालणें शिकविलें: पाऊल लहान टाकावें, भार पुढच्या पायावर असावा, हात खिशांत घालूं नयेत, आणि बुटांच्या तळव्याला बारीक लोखंडी दातांची पट्टी बांधावी. एकमेकांची भाषा येत नसल्यामुळें हा सर्व पाठ अभिनयानें झाला. बाई पुढें, आम्ही मागें आणि आमच्या मागें सौ., अशी ती वरात वरच्या खिडकींतून पाहून आमची नात टाळ्या वाजवीत होती.

शरीर पंधरवड्यांत वळणावर येतें. रीतिभाती शिकावयास अधिक दिवस लागतात. चिरंजीवांचें बिऱ्हाड आठ कुटुंबांच्या इमारतींत आहे. धुण्याचीं यंत्रें तळघरांत असून भिंतीवर कोणी कोणत्या दिवशीं धुवावें याचें वेळापत्रक लाविलेलें असतें. आमची पाळी गुरुवारची. ज्या बाईनें चाळीस वर्षें रोज पहाटे धुणें धुतलें, तिला आठवड्यांतून एकदां धुणें ही गोष्ट प्रथम अमंगळ वाटली. पुढें सौ.नीं तोड काढली: कपडे गुरुवारीं यंत्रांत, सोवळें रोज न्हाणीघरांत हातानें. कोरड्या हवेची कृपा अशी, कीं रात्रीं वाळत घातलेलें सोवळें पहाटे खडखडीत वाळलेलें असे. रविवारीं खिळा ठोकूं नये, रिकाम्या बाटल्याहि त्यांच्या लोखंडी पेटींत टाकूं नयेत, कारण त्यांचा आवाज होतो. रात्रीं दहानंतर सर्व सामसूम. रद्दी सुतळीनें बांधून ठरल्या दिवशीं ठेवावयाची. आणि त्या देशांत बहुतेक ठिकाणीं कचऱ्याच्या पिशवीमागें पैसे भरावे लागत असल्यामुळें, जो कचरा अधिक करील त्याच्या खिशाला चाट अधिक. आमच्या ओळखीचे कांहीं लोक या नियमांस तुरुंग म्हणतात. आम्हांस तसें वाटलें नाहीं. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांत काय शिवावें, काय शिवूं नये, कोणत्या वेळीं कोणतें भांडें उचलावें याचे याहून कडक नियम होते. त्यांचें सोवळें शांततेचें व वेळेचें आहे, इतकेंच. पाहुण्यानें यजमानाचें सोवळें मोडूं नये, हा धर्म दोन्हीकडे सारखाच.

आमच्या स्वतःच्या आन्हिकाची अडचण निराळी होती. हिंवाळ्यांत सूर्य डोंगराच्या कडेवर येई, तेव्हां पंचांगांतील सूर्योदय होऊन बराच वेळ लोटलेला असे. संध्येचें अर्घ्य घड्याळ पाहून द्यावयाचें, कीं बिंब पाहून? आम्हीं घड्याळाचा पक्ष स्वीकारला. डोंगर आड आला म्हणून सूर्य उगवलाच नाहीं असें होत नाहीं. एकादशीचा घोळ याहून मौजेचा. तिथि ही चंद्रसूर्यांमधील अंतरावर अवलंबून असल्यामुळें ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणीं पालटते. पण सूर्योदय गांवोगांवचा वेगळा. हिंवाळ्यांत दाव्होसचा सूर्योदय वाईच्या मागाहून पांच तासांहूनहि उशिरानें होतो. तेवढ्या अवधींत तिथि संपली, तर वाईस उदयाला असलेली एकादशी दाव्होसला नसते. व्रतें राहत्या ठिकाणच्या सूर्योदयानें करावीं, हें शास्त्राला धरून असल्यामुळें आम्हीं तेंच केलें. एकदां तर वाईस आमच्या वहिनी एकादशीचें वरईचें तांदूळ शिजवीत होत्या, व त्याच दिवशीं आम्ही येथें द्वादशीचें पारणें सोडीत होतों. त्यावर सौ. व वहिनी या दोघी जावांमध्यें मोबाईलवर जो वाद झाला, तो निर्णयसिंधूंत घालण्याजोगा होता.

तेथील लोकांचेंहि एक पंचांग आहे, व तें ते आपल्याहून अधिक निष्ठेनें पाहतात. डोंगरावरून बर्फाचा कडा सुटून खालीं येणें हें त्या मुलुखांतलें मोठें संकट. त्याच्या अभ्यासाला दाव्होसवरच्या वाइसफ्लुयोख नांवाच्या डोंगरावर इ. स. १९३६ मध्यें आरंभ झाला, आणि आज तेथील हिमसंशोधन संस्था सगळ्या देशाला इशारा देते. हिंवाळ्यांत रोज सायंकाळीं पांच वाजतां व सकाळीं आठ वाजतां तो इशारा प्रसिद्ध होतो. त्यांत धोक्याच्या पांच पायऱ्या असतात. रात्रीं मोठा बर्फ पडला, कीं पहाटे डोंगरावर सुरुंगाचे धडाके ऐकूं येतात. अवेळीं कोसळेल तो बर्फ हे लोक वेळेवर पाडून घेतात. गांवाजवळ फ्राउएनकिर्ख येथें एक जुनें चर्च आहे. त्याची डोंगराकडील भिंत नांगराच्या फाळासारखी निमुळती बांधली आहे. आलेला बर्फ तिच्यावर आदळून दोहों बाजूंस फुटावा, अशी ती योजना. कालिदासाला हिम हा हिमालयाचा एक क्षुल्लक दोष वाटला. त्यानें एक हिंवाळा दाव्होसला काढला असता, तर त्याला त्याबद्दल आणखी एखादा सर्ग लिहावा लागला असता.

आतां भाषेविषयीं. आम्ही मॅट्रिकच्या पलीकडे इंग्रजी विद्येची पायरी चढलों नाहीं. पुढें संस्कृताचें अध्ययन केलें व पस्तीस वर्षें तेंच मुलांस शिकविलें. हजारों मुलांस ज्यानें अक्षरओळख व रूपें घोटविलीं, त्यानें दुकानांत उभें राहून हातांतील डब्यांत मीठ आहे कीं साखर हें दुसऱ्यास विचारावें, याचें दुःख ज्यानें भोगलें तोच जाणे. प्रौढशिक्षणाच्या वर्गांत पूर्वीं अंगठा उठविणारे वृद्ध आमच्यासमोर मान खालीं घालून बसत, त्यांची आठवण आम्हांस तेथें रोज होई. यावर एकच औषध होतें, तें म्हणजे पाटी-पेन्सिल. आम्हीं नातीस गुरु केलें. ती तेव्हां पांच वर्षांची होती. शिक्षा करण्यांत तिनें कांहींहि हयगय केली नाहीं.

जर्मन भाषा संस्कृतज्ञाला सर्वस्वीं परकी वाटत नाहीं, हा शोध आम्हांस मोठा सुखाचा झाला. तिच्यांत लिंगें तीन, विभक्ति चार. आठांच्या गर्दींत वाढलेल्यास चारांचें भय काय? आपल्या नामन् शब्दाचा तेथें ‘नामे’ आहे, नवचा ‘नॉय’, जानुचा ‘क्नी’, आणि दुहितृचा ‘टोख्टर’. मुलीला ते ‘मेडशेन’ म्हणतात व तो शब्द नपुंसकलिंगी आहे, हें ऐकून सौ. रागावल्या. तेव्हां आम्हीं त्यांस स्मरण दिलें, कीं संस्कृतांत बायकोला ‘कलत्र’ म्हटलें तर ती नपुंसकलिंगी होते, आणि ‘दार’ म्हटलें तर पुल्लिंगी बहुवचनी. लिंग शब्दाचें असतें, व्यक्तीचें नव्हे. पण पुस्तकांतील जर्मन घेऊन बाजारांत गेल्यावर निराळाच प्रकार उघड झाला. तेथें कोणी ती बोलतच नाहीं! आपल्या संस्कृत नाटकांत राजा व ब्राह्मण संस्कृत बोलतात आणि दासदासी प्राकृत. दाव्होसच्या नाटकांत वैद्य, वकील, दुकानदार व गाडीवान सगळीं पात्रें प्राकृतच बोलतात. संस्कृत फक्त शाळेंत, छापील कागदावर व आमच्यासारख्या परक्याशीं बोलतांना. ही बोली तेराव्या शतकांत पश्चिमेकडून डोंगर ओलांडून आलेल्या वाल्सर नांवाच्या शेतकऱ्यांनीं आणली. म्हणजे आज जे तेथील मूळचे म्हणून गणले जातात, तेहि कधींकाळीं परकेच होते. त्याआधींची त्या मुलुखाची रोमान्श भाषा आसपासच्या खोऱ्यांत अजून बोलली जाते, आणि बोलणारे थोडे असूनहि इ. स. १९३८ मध्यें लोकमत घेऊन तिला राष्ट्रभाषेचा मान देण्यांत आला. लहान भाषा मोठ्या भाषांच्या शेजारीं कशी जगते, हें पाहण्यास मराठी माणसानें तेथें अवश्य जावें.

वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकास ‘ग्र्युएत्सी’ म्हणण्याची तेथें चाल आहे. त्या शब्दाच्या मुळाशीं देवानें तुमचें स्वागत करावें असा भाव आहे; म्हणजे तो त्यांचा रामरामच. हा एक शब्द आम्हीं पहिल्या आठवड्यांत पाठ केला, व त्यानें जेवढें काम केलें तेवढें पुढें शिकलेल्या दोनशें शब्दांनीं केलें नाहीं.

खरा स्नेह मात्र ज्याच्याशीं जुळला तो तेथला नव्हेच. इमारतीचा बर्फ उपसणारा व जिने पुसणारा गृहस्थ पोर्तुगाल देशाचा. त्या प्रांतांत पोर्तुगीज कामकरी पुष्कळ आहेत. एके सकाळीं त्यानें हातांतील बादलीकडे बोट दाखवून ‘बाल्द’ असा शब्द उच्चारला. आम्हीं म्हटलें, ‘बादली.’ त्यानें खिशांतून किल्ली काढली: ‘शाव्ह.’ आम्हीं म्हटलें, ‘चावी.’ मग तो जिन्यावर बसलाच, व आम्हीहि बसलों. त्याचा ‘बताता’ तो आमचा बटाटा, त्याचा ‘पांउ’ तो आमचा पाव. आणि पैसे चुकते करण्याला तो ‘पागार’ म्हणतो, हें ऐकल्यावर आमच्या पगाराचें कूळ आम्हांस कळलें. चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं गोव्याच्या व वसईच्या कांठानें जीं गलबतें आलीं, त्यांनीं आणलेले शब्द आम्ही दोघे म्हातारे आल्प्स पर्वतांत एका जिन्यावर बसून एकमेकांस परत करीत होतों. त्याचीं मुलें तिकडे आजीआजोबांपाशीं वाढलीं. बोट जमिनीकडे दाखवून त्यानें ‘पगार’ म्हटलें, आणि हात दूर पश्चिमेस करून ‘काझा’, म्हणजे घर. एवढ्या दोन शब्दांत त्यानें आपलें वीस वर्षांचें चरित्र सांगितलें. त्यांत अधिक कांहीं विचारण्यासारखें आम्हांस दिसलें नाहीं.

या गांवाचा इतिहास वाचल्यावर आणखी एक गोष्ट कळली. आजचें दाव्होस परक्यांनींच घडविलें आहे. आलेक्झांडर श्पेंग्लर हा जर्मन तरुण इ. स. १८४९ च्या फसलेल्या बंडांत सांपडून देशोधडीस लागला, झ्युरिक येथें वैद्यक शिकला, आणि १८५३ मध्यें या आडबाजूच्या खोऱ्यांत डॉक्टर म्हणून आला. येथल्या लोकांत क्षयरोग फारसा आढळत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. १८६५ च्या हिंवाळ्यांत पहिले रोगी आले. पुढें होल्सबोअर नांवाचा एक डच गृहस्थ आजारी पत्नीला घेऊन येथें आला. पत्नी दगावली, पण तो येथेंच राहिला. त्यानें श्पेंग्लरच्या जोडीनें रोग्यांसाठीं मोठें निवासस्थान उभारलें, व १८९० मध्यें आगगाडी गांवापर्यंत आणण्यांत पुढाकार घेतला. मग सगळ्या युरोपांतून क्षयी माणसें तेथें येऊं लागलीं. स्टीव्हन्सन या इंग्रजी ग्रंथकारानें आपली खजिन्याच्या बेटाची प्रसिद्ध कादंबरी तेथल्याच मुक्कामांत पुरी केली. टोमास मान याची पत्नी १९१२ सालीं तेथें उपचार घेत होती. तिला भेटावयास गेलेल्या मानला जें दिसलें, त्यांतून त्याची ‘जादूचा पर्वत’ ही कादंबरी १९२४ मध्यें बाहेर पडली. तिचा नायक तीन आठवड्यांसाठीं जातो व सात वर्षें राहतो. आमच्या पांचगणीचीहि हवा क्षयरोग्यांस मानवते म्हणून तेथें रुग्णालय निघालें होतें, हें वाईच्या माणसास सांगावयास नको. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागल्यावर हळूहळू दोन्हीकडचे रोगी नाहींसे झाले. दाव्होसच्या रुग्णालयांचीं हॉटेलें झालीं.

हें सर्व आम्ही लिहीत आहों त्याला कारण आहे. तिसऱ्या खेपेस, फेब्रुवारी २०२५ मध्यें, एका रात्रीं जेवणें झाल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, येथें येऊन आतां दहा वर्षें पुरीं झालीं. नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. तुमचें काय मत आहे?” त्या देशाचा नियम असा, कीं दहा वर्षें वास्तव्य हवें, भाषा यावी लागते, आणि गांव, प्रांत व राष्ट्र या तिघांनींहि मान्य करावें लागतें. आपल्या देशाचा नियम असा, कीं परक्या देशाचें नागरिकत्व आपण होऊन घेतलें म्हणजे भारताचें संपतें. पारपत्र परत करावें लागतें. पुढें परदेशस्थ भारतीय म्हणून एक पत्रिका मिळते, तिच्यावर केव्हांहि येतां-राहतां येतें; पण मताचा अधिकार राहत नाहीं.

सौ. कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “म्हणजे तूं आपल्या देशाचा राहणार नाहींस?” सूनबाई हळूच म्हणाल्या, “आई, मुलगी येथेंच जन्मली आहे. येथें वर्षांतून तीन-चार वेळां लोकमत घेतात. आम्ही कर भरतों, बर्फ उपसतों, शाळेच्या सभेला जातों; पण त्या दिवशीं आम्हांला विचारीत नाहींत.”

आमचे वडील १९४२ च्या चळवळींत विसाव्या वर्षीं तुरुंगांत गेले होते. ज्या नागरिकत्वासाठीं त्यांनीं तो काळ काढला, तें त्यांचा नातू एका कचेरीच्या खिडकींत परत करणार, हा विचार मनांत येऊन आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. दुःख झालें नाहीं असें लिहिलें, तर तें खोटें होईल. पण दुःख व मत या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि शिक्षकाला तरी त्या भिन्न ठेवतां आल्या पाहिजेत.

त्या विचारांत आम्हांस नातीची एक गोष्ट उपयोगी पडली. पहिल्या खेपेस ती बसमध्यें मैत्रिणींसमोर आमच्या मराठी प्रश्नाचें उत्तर तेथल्या बोलींत देई. आम्हीं तिला कधीं टोकलें नाहीं. मात्र रोज रात्रीं पंचतंत्रांतील एक गोष्ट मराठींत सांगण्याचा नेम धरला. तिसऱ्या खेपेस, संक्रांतीच्या दिवशीं, ती डबा घेऊन इमारतींतील आठहि घरीं तिळगूळ वांटून आली आणि ‘गोड बोला’ म्हणजे काय, हें प्रत्येकास तिनें समजावून दिलें. त्यानंतर दोन दिवसांनीं ती आपल्या मैत्रिणीस वानर व मगराची गोष्ट तेथल्या बोलींत सांगत असतांना आम्हीं ऐकली. काळीज झाडावर ठेवून आलों आहें, असें वानर सांगतो, तेथें ती थांबली. तो शब्द तिला त्या बोलींत चटकन् सुचेना, म्हणून तिनें छातीवर हात ठेवून ‘काळीज’ म्हटलें व गोष्ट पुढें चालू केली.

पंचतंत्राचा प्रवास आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविला होता. सहाव्या शतकांत तें इराणांत पहलवी भाषेंत गेलें, आठव्यांत अरबींत, तेथून हिब्रूंत, तेराव्या शतकांत लॅटिनमध्यें आणि पंधराव्यांत जर्मन भाषेंत. प्रत्येक मुक्कामीं त्यानें तेथला पोशाख केला, तेथलीं नांवें घेतलीं. मूळचें आहे हें कोणी नाकारीत नाहीं, आणि परदेशीं गेलें म्हणून बाटलें असेंहि कोणी म्हणत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे समुद्रगमन कलिवर्ज्य मानीत. इ. स. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या तेव्हां केवढी ओरड झाली! १८८७ मध्यें क्षयानें त्यांचें पुण्यास देहावसान झालें. त्यांची रक्षा अमेरिकेंत पुकीप्सी येथें, ज्या कुटुंबानें त्यांस लेकीसारखें वागविलें त्यांच्या स्मशानभूमींत ठेवलेली आहे. त्यामुळें त्या आपल्या राहिल्या नाहींत असें म्हणण्याचें धाडस आज कोण करील?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस आमचें मत सांगितलें तें असें. जेथें आपण अन्न खातों, जेथें आपलीं मुलें शाळेंत जातात, त्या गांवाच्या सुखदुःखाची जबाबदारी उचलणें हा गृहस्थधर्म आहे. ती उचलावयास कागद लागत असेल तर तो अवश्य घ्यावा. केवळ सोयीसाठीं, विमानतळावरची रांग चुकावी म्हणून घेणार असाल, तर मात्र घेऊं नये. सौ.नीं आपल्या दोन अटी घातल्या: नातीस देवनागरी लिहितां-वाचतां आली पाहिजे, आणि वडिलांच्या श्राद्धाला दरसाल चिरंजीवांनीं वाईस आलें पाहिजे. दोन्ही मान्य झाल्या. अर्ज गेला आहे. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. वाईचें घर विकावयाचें नाहीं, हें आम्हीं दोघांनीं ठरविलें, व तें भावांसहि कळविलें.

आतां वाचकांस चार शब्द. मुलाकडे परदेशीं जाल तेव्हां तेथील उणीं मोजण्यांत पहिले दिवस घालवूं नका. तीं आपोआप मोजलीं जातात. हातीं कांहीं काम घ्या: भाजी निवडा, रद्दी बांधा, नातवंडास शाळेच्या वाटेवर पोंचवा. दाव्होसला पांच वर्षांचीं मुलें गळ्यांत चकाकणारी तिकोनी पट्टी घालून एकटीं चालत शाळेंत जातात, व त्यांस पोंचवणें हें त्यांच्या स्वावलंबनांत विघ्न समजलें जातें. तेव्हां आम्ही वीस पावलें मागून चालत असूं, तसें तुम्हीहि चाला. सूनबाईच्या स्वयंपाकघरांत तिच्या आज्ञेनें वागा. गांवांतील ग्रंथालय, स्मशान व बाजार हीं तिन्ही पहा. कोणत्याहि गांवाची खरी ओळख तेथेंच पटते. आणि मुलानें परत यावें कीं न यावें, हा प्रश्न प्रत्येक जेवणाला पानांत वाढूं नका. तो त्याच्या मनांत आपल्याहून अधिक वेळां येत असतो.

नव्वद दिवस हे थोडे नव्हेत. तेवढ्यांत एक शेजारी जोडावा, तेथली भाषा निदान नमस्कारापुरती शिकावी, आणि नातवंडांस एक तरी गोष्ट आपल्या भाषेंत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून यावें. एवढें झालें, तर विमानाच्या तिकिटाचा पैसा कारणीं लागला असें आम्ही समजूं.